पेल्यावरचे पूर्वज: टिकी बार आणि पॉलिनेशियाकडून घेतलेली उसनवारी

टिकी बार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी मद्यगृहांत पेय बहुधा चिनी मातीच्या एका उंच पेल्यातून दिले जाते, आणि त्या पेल्याला चेहरा असतो. डोळे वटारलेले, नाक रुंद, तोंड उघडे, दात दिसणारे. आजूबाजूला बांबूच्या भिंती, झावळ्यांचे छप्पर, मासेमारीची जाळी आणि मंद दिवे असतात, आणि कोपऱ्यात तशाच चेहऱ्याची एक लाकडी मूर्ती उभी असते. आपण प्रशांत महासागरातल्या एखाद्या पॉलिनेशियन बेटावर येऊन पोहोचलो आहोत, असे ग्राहकाला वाटावे ही त्या साऱ्या मांडणीमागची कल्पना आहे. अलीकडच्या काळात या बारांवरून बराच वाद झाला. एक बाजू म्हणते की ही निव्वळ हौस आहे, तिच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. दुसरी बाजू म्हणते की हा एका संस्कृतीचा अपमान आहे आणि तो थांबला पाहिजे. मला मात्र वाटते की दोन्ही बाजूंनी आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे, ते म्हणजे पेल्यावरचा तो चेहरा कोणाचा आहे. तिथून सुरुवात केली, तर या विषयातला बराचसा गुंता सुटतो.

पॉलिनेशिया हा एक देश नाही. उत्तरेला हवाई, नैऋत्येला आओतेआरोआ म्हणजे न्यूझीलंड आणि आग्नेयेला रापा नुई म्हणजे ईस्टर आयलंड, या तीन टोकांना जोडणारा एक प्रचंड त्रिकोण कल्पिला, तर त्याच्या आत ताहिती, सामोआ, टोंगा, मार्केसस अशी अनेक बेटे येतात. त्यांच्या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत, पण त्या एक नाहीत, आणि त्यांच्या चालीरीतीही एक नाहीत. ‘टिकी’ हा शब्द या भाषाभगिनींपैकी काहींत थोड्या थोड्या फरकाने आढळतो. माओरी परंपरेत, निदान तिच्या काही कथांत, टिकी हे पहिल्या पुरुषाचे नाव आहे. मार्केसस बेटांवर ते दगडात आणि लाकडात कोरलेल्या मानवाकृतींचे नाव आहे, आणि या आकृती पूजनीय, दैवतपदाला पोहोचलेल्या पूर्वजांच्या असतात. ताहितीत त्याच शब्दाचे रूप ‘ति-इ’ असे होते आणि हवाईत ‘कि-इ’, म्हणजे प्रतिमा. माओरी लोक पौनामू नावाच्या हिरव्या दगडातून कोरलेली मानवाकृती गळ्यात घालतात, तिला ‘हेई-टिकी’ म्हणतात. ती घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत येते आणि जिने किंवा ज्याने ती पूर्वी अंगावर वागवली, त्याच्या स्मृतीसह पुढच्या पिढीकडे जाते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला दूर जावे लागणार नाही. आपल्याकडे अनेक घरांच्या देवघरात कुलदैवताच्या टाकांशेजारी घराण्यातल्या एखाद्या वीराचा किंवा पूर्वजाचा टाक असतो. बोटाएवढा धातूचा पत्रा आणि त्यावर उठवलेली आकृती, एवढेच त्याचे दृश्य रूप. पण सणावाराला त्याला न्हाऊ घातले जाते आणि नैवेद्य दाखवला जातो, कारण घरच्या माणसांच्या लेखी तो पत्रा नसून माणूस आहे. उद्या कोणी तो टाक पाहिला, त्याची घडण आवडली म्हणून साच्यातून हजारो प्रती काढल्या आणि त्यांचा उपयोग बाटल्यांची झाकणे उघडण्यासाठी केला, तर आपल्याला काय वाटेल याचा विचार केला की टिकीच्या पेल्याविषयीची तक्रार कशाची आहे हे कळू लागते.

ही तक्रार पेल्याच्या बाबतीत विशेष तीव्र का आहे, याचेही एक नेमके कारण आहे. पॉलिनेशियन समाजांत ‘तापू’ ही संकल्पना मध्यवर्ती आहे. हवाईत तिला ‘कापू’ म्हणतात, आणि इंग्रजीतला ‘टॅबू’ हा शब्द टोंगातल्या ‘तापू’वरून आलेला आहे, जसा ‘टॅटू’ हा शब्द सामोआ आणि ताहितीकडच्या ‘तातौ’वरून आलेला आहे. जे पवित्र आहे, ज्याला मर्यादा आहे, ते तापू. जे रोजच्या वापराचे, मोकळे आहे ते ‘नोआ’. माओरी विचारात माणसाचे डोके अत्यंत तापू असते, आणि अन्नपाणी हे तापूपण उतरवणारे असते. म्हणून डोके आणि अन्न यांचा संपर्क कटाक्षाने टाळला जातो. पूर्वजांचे चेहरे ताटांवर, कपांवर किंवा भांडी पुसायच्या कापडांवर छापणे अनेक माओरी लोकांना म्हणूनच दुखावते. सोवळे आणि उष्टे यांतला फरक ज्या घरांत आजही पाळला जातो, तिथल्या माणसाला हा नियम ताबडतोब उमगेल, जरी दोन्ही संकल्पना तंतोतंत सारख्या नसल्या तरी. पूर्वजाचे डोके पोकळ करून त्यात दारू ओतणे, यात तापूचा भंग एकदा नव्हे तर दोनदा होतो.

आता हा पेला तयार कसा झाला ते पाहू, कारण त्याचा इतिहास वाटतो त्याहून लहान आहे. अमेरिकेतली दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट रेमंड बोमाँट गँट या कॅरिबियन आणि दक्षिण प्रशांत महासागरात भटकून आलेल्या तरुणाने हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ नावाचा एक लहानसा बार उघडला. पुढे त्याने स्वतःचे नावही बदलून डॉन बीच असे करून घेतले. १९३४ मध्ये व्हिक्टर बर्जरॉन याने ओकलंडमध्ये एक खानावळ सुरू केली आणि काही वर्षांत तिचे रूपांतर ‘ट्रेडर व्हिक्स’मध्ये केले. आर्थिक मंदीच्या त्या काळात दूरच्या बेटाचा भास विकत मिळणे लोकांना आवडले. दुसऱ्या महायुद्धात लाखो अमेरिकी सैनिक प्रशांत महासागरात जाऊन आले, परतल्यावर तिथल्या आठवणींचे एक गोड रूप त्यांना हवे होते, आणि १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाल्यावर तर विमानाने तिथे जाणे ही मध्यमवर्गाची हौस झाली. सुरुवातीच्या बारांत बांबू आणि जहाजी सामानच अधिक होते. मोठाल्या कोरीव मूर्ती आणि चेहऱ्याचे पेले यांचा सुळसुळाट १९५० च्या दशकात झाला, आणि ‘टिकी’ हे त्या साऱ्या शैलीचे नाव पडले तेही साधारण तेव्हाच.

या सगळ्यात एक गोष्ट फार थोड्या ग्राहकांच्या लक्षात येते: पेल्यातले पेय पॉलिनेशियन नाही. त्याचा पाया रम हा आहे आणि रम ही कॅरिबियन बेटांवर, आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या उसाच्या मळ्यांतून जन्मली. रम, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला यांच्या ज्या मिश्रणावर डॉन बीचने आपली पेये रचली, त्याला ‘पंच’ म्हणतात, आणि पाच घटकांमुळे ते नाव आपल्याकडच्या ‘पाच’ या शब्दावरून पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते; सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांनी हिंदुस्थानातून ते पेय आणि ते नाव युरोपात नेले. या बारांतले सर्वांत प्रसिद्ध पेय म्हणजे ‘माई ताई’. ते आपण १९४४ मध्ये बनवले असे बर्जरॉन सांगत असे. त्यात जमैकाची रम, लिंबाचा रस, संत्र्याच्या सालीचे मद्य आणि बदामाचे सरबत असते. त्यात पॉलिनेशियाचे जे आहे ते फक्त नाव: बर्जरॉनच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या ताहितीच्या पाहुण्यांनी चव घेऊन ‘माइताइ’ म्हणजे ‘छान’ असा शेरा दिला आणि तेच नाव झाले. पेल्याच्या कडेला खोचलेला अननसही मूळचा दक्षिण अमेरिकेचा आहे, आणि टेबलावर येणारे खाद्यपदार्थ पूर्वीच्या अनेक टिकी बारांत चिनी पद्धतीचे असत.

पॉलिनेशियाचे स्वतःचे पेय वेगळे आहे, आणि त्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. युरोपीय जहाजे येण्यापूर्वी या बेटांवर दारू नव्हती. त्यांतल्या अनेक बेटांवर होती ती कावा. सामोआत तिला ‘आवा’ म्हणतात. ज्या वनस्पतीच्या मुळापासून ती करतात ती पायपर कुळातली आहे, म्हणजे आपल्या मिरीच्या आणि विड्याच्या पानाच्या वेलीची सख्खी नातलग. मूळ कुटून किंवा दळून पाण्यात कालवतात, गाळतात आणि नारळाच्या करवंटीतून देतात. तोंड किंचित बधिर होते, अंग सैल पडते, पण डोके ठिकाणावर राहते. सामोआ आणि टोंगा येथे पाहुण्याचे स्वागत, सरदाराला पदवी देणे, वाद मिटवणे अशा प्रसंगी कावा दिली जाते, आणि करवंटी कोणाच्या हाती आधी जायची, कोणाचे नाव पुकारायचे, याचे नियम कडक असतात. विड्याचा मान कोणाला आधी द्यायचा यावरून ज्या समाजात रुसवे-फुगवे झाले आहेत, त्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. टिकी बारच्या संस्थापकांनी प्रशांत महासागर पाहिला होता, पण तिथल्या बैठकीतले हे शांत पेय त्यांच्या यादीत मानाच्या जागी कधी आले नाही.

आणखी एका समूहाचे नाव या कथेतून गळून गेले आहे. डॉन बीचच्या बारमध्ये पडद्यामागे पेये मिसळणारे कित्येक जण फिलिपिनो होते. आपल्या कृती प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागू नयेत म्हणून बीच बाटल्यांवर केवळ क्रमांक आणि सांकेतिक नावे लिहीत असे, त्यामुळे मिसळणाऱ्यालाही आपण नेमके काय घालत आहोत हे नेहमी कळत नसे. तरीही हाताला वळण लागत गेले आणि ही कला पुढे जिवंत ठेवली ती बऱ्याच अंशी याच लोकांनी. रे बुहेन हे बीचकडच्या सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक. त्यांनी १९६१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘टिकी-टी’ नावाचा स्वतःचा छोटासा बार काढला, आणि तो त्यांच्या कुटुंबाने पुढे चालवला. पॉलिनेशियाच्या नावाने, कॅरिबियनच्या रममध्ये, फिलिपिनो हातांनी केलेले पेय अमेरिकी मालकाच्या नावावर प्रसिद्ध झाले, असे या इतिहासाचे खरे स्वरूप आहे.

हे बार भरभराटीला येत होते तेव्हा प्रत्यक्ष बेटांवर काय चालले होते, हे पाहिल्यावर हौशीचा प्रश्न हौशीपुरता राहत नाही. हवाई हे एक स्वतंत्र राज्य होते. १७ जानेवारी १८९३ रोजी, ज्यांच्यात साखरेच्या धंद्याशी जोडलेले अनेक जण होते अशा एका गटाने, अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्यात सामील करून घेतली. १८९६ च्या कायद्याने शाळांतून इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत हवाईयन भाषा जवळजवळ घरांतूनही गेली. १९७८ मध्ये ती राज्याची अधिकृत भाषा झाली, १९८४ मध्ये तिच्या बालवाड्या सुरू झाल्या, आणि १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने राज्य उलथवण्यात अमेरिकेचा हात असल्याबद्दल ठरावाने माफी मागितली. म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये ‘अलोहा’ हा शब्द फलकांवर झळकत होता त्याच वर्षांत होनोलुलूच्या शाळांत त्या शब्दाची भाषा मुलांच्या तोंडून नाहीशी होत होती. ताहिती ज्या फ्रेंच पॉलिनेशियात येते तिथल्या मोरुरोआ आणि फांगाताउफा या प्रवाळबेटांवर फ्रान्सने १९६६ ते १९९६ या काळात १९३ अणुचाचण्या केल्या. बारमधल्या भित्तिचित्रांत निळी खाडी आणि नारळाची झाडे असत. त्या खाडीच्या तळाशी काय चालले आहे, ते नसे.

मूर्तींचेही असेच झाले. १८१९ मध्ये हवाईच्या राजघराण्याने स्वतःच कापूची जुनी व्यवस्था मोडली आणि त्यानंतर मंदिरांतल्या बहुतेक प्रतिमा जाळल्या गेल्या किंवा मोडल्या गेल्या. कू या देवाच्या माणसाहून उंच अशा मंदिरातल्या मूर्तींपैकी जगात आज तीनच उरल्या आहेत: एक होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात, दुसरी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि तिसरी अमेरिकेतल्या सेलम गावच्या पीबडी एसेक्स संग्रहालयात. २०१० मध्ये या तिन्ही मूर्ती होनोलुलूत काही महिने एकत्र ठेवल्या गेल्या, तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षांनी हवाईयन लोकांना त्या एका ठिकाणी पाहता आल्या. ज्याचे मूळ पाहण्यासाठी त्याच्या स्वतःच्या माणसांना दोन शतके थांबावे लागले, त्याच देवाच्या उघड्या तोंडाची नक्कल दरम्यानच्या काळात दुसऱ्या किनाऱ्यावर घाऊक भावाने विकली जात होती. रापा नुईवरचे सुमारे ९०० मोआई हे तसेच पूर्वजांचे पुतळे आहेत. त्यांची पाठ समुद्राकडे आणि तोंड वस्तीकडे असे, आणि त्यांना ‘अरिंगा ओरा’ म्हणजे जिवंत चेहरे म्हटले जाई. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या गुलाम पकडणाऱ्या जहाजांनी बेटावरची माणसे पळवली, मागोमाग रोगराई आली आणि १८७७ पर्यंत बेटावर अवघी १११ माणसे उरली. याच काळात, १८६८ साली, एक ब्रिटिश युद्धनौका होआ हाकानानाइआ नावाचा मोआई घेऊन गेली. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि २०१८ मध्ये रापा नुईच्या प्रतिनिधींनी लंडनला जाऊन तो परत मागितला.

मग संस्कृतींनी एकमेकींकडून काही घेऊच नये काय? असे म्हणणे मला मान्य नाही, आणि पॉलिनेशियन लोकही सरसकट तसे म्हणत नाहीत. मराठीत या बाबतीत एक नेमका भेद आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर ‘उसनी’ आणतात आणि कोणाच्या झाडाचे आंबे ‘उचलतात’. उसने आणताना दारात जाऊन मागावे लागते, कोणाकडून आणले ते लक्षात ठेवावे लागते, आणि वाटी रिकामी परत करत नाहीत. टिकी बारांनी जे केले ते बहुतांशी उचलणे होते. पण उसनवारीची वाट बंद झालेली नाही, आणि ती कशी असते याची चांगली उदाहरणे खुद्द पॉलिनेशियातच सापडतात.

न्यूझीलंडच्या रग्बी संघामुळे जगभर पोहोचलेला ‘का माते’ हा हाका, म्हणजे माओरींचे घोषांसह समूहाने करायचे नृत्य, ते राउपराहा या सरदाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस रचला, आणि नगाती तोआ ही त्याची जमात आहे. त्या हाकाचा वापर जाहिरातींपासून विनोदापर्यंत सर्वत्र होऊ लागल्यावर जमातीने दीर्घकाळ लढा दिला आणि २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने त्यासाठी एक स्वतंत्र कायदा केला. कायदा हाका करण्यास बंदी घालत नाही, त्यासाठी पैसेही मागत नाही; व्यापारी प्रकाशनात किंवा प्रक्षेपणात तो वापरला तर रचनाकार ते राउपराहा आणि नगाती तोआचा सरदार म्हणून त्याचा उल्लेख झाला पाहिजे, एवढीच त्याची मागणी आहे. २००२ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार तिथे एक माओरी सल्लागार समिती आहे. माओरी शब्द किंवा आकृती असलेले चिन्ह नोंदवायचे असेल तर ते माओरींना अपमानकारक ठरेल काय, यावर ती मत देते. कायद्याबाहेरही शिकण्यासारखे घडले आहे. २०१३ मध्ये नायके या कंपनीने स्त्रियांसाठी काढलेल्या व्यायामाच्या कपड्यांवर सामोआच्या ‘पे-आ’ची नक्षी होती. पे-आ हे कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचे गोंदण फक्त पुरुषांचे, वेदना सोसून आणि जबाबदारी स्वीकारून मिळवायचे असते. आक्षेप आल्यावर कंपनीने कपडे मागे घेतले आणि माफी मागितली. नक्षी काढण्याआधी एका सामोअन माणसाला विचारले असते, तर हे पहिल्याच दिवशी कळले असते.

बारच्या बाबतीत यातून काय निघते, हे आता सांगता येते. काही मालकांनी आपल्या जागेचे वर्णन ‘टिकी’ऐवजी ‘उष्णकटिबंधीय’ असे करायला सुरुवात केली आहे. नाव बदलणे चांगले, पण नाव बदलून भिंतीवरचे चेहरे तसेच ठेवले तर फारसे काही बदललेले नसते, आणि चेहरे काढून पेयाचा खरा इतिहास सांगितला तर जुने नावही कदाचित एवढे खुपणार नाही. पेय कॅरिबियनचे आहे, तर यादीत जमैका, बार्बाडोस आणि मार्तिनिक यांची नावे असावीत, रम कोणत्या भट्टीची आहे ते लिहावे. कृती कोणी घडवल्या हे ठाऊक असेल, तर बुहेन यांच्यासारख्या माणसांची नावे पेयाशेजारी असावीत. हुला नाचणारी स्त्री भिंतीवर अर्धनग्न रंगवण्याचे कारण कोणालाच देता येणार नाही. हुला ही काव्याची आणि वंशावळीची कला आहे, आणि हवाईतल्या हिलो गावी १९७१ पासून तिच्या स्पर्धा भरत आहेत. कावा ठेवायची असेल, तर ती रमच्या पेयात मिसळून नवलाईची वस्तू करण्यापेक्षा ज्यांना ती द्यायची रीत ठाऊक आहे, त्यांच्याकडून ती देणे शिकावे, आणि त्या शिकवणीचे पैसे द्यावेत. स्वतः पॅसिफिक बेटांच्या वंशाचे काही बारटेंडर या व्यवसायात आहेत. त्यांतल्या कोणाला टिकी सर्वस्वी नकोसे वाटते, कोणाला ते आतून सुधारावे असे वाटते. या मतभेदांमुळे कोणाला विचारावे हा प्रश्न अवघड होतो, पण विचारण्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

राहता राहिला पेला. ज्यांच्या फडताळात असे शेकडो पेले आधीच भरलेले आहेत, त्यांनी ते फोडून टाकावेत असे मी म्हणणार नाही. त्यांच्यात न पिता ते बाजूला ठेवता येतात, आणि ग्राहकाने विचारलेच तर ते चेहरे कोणाचे आहेत हे सांगता येते. नव्या पेल्यासाठी नारळ, अननस, शंख असे कितीतरी आकार आहेत, ज्यांच्यात कोणाचा आजा-पणजा नाही. आणि पॉलिनेशियन कोरीवकामच हवे असेल, तर हवाई, ताहिती, आओतेआरोआ येथे आज काम करणारे कोरीव कारागीर आहेत: त्यांच्याकडे जावे, आपला बार कसा आहे ते स्पष्ट सांगावे, कोणती नक्षी भांड्यावर चालते आणि कोणती चालत नाही हे त्यांना ठरवू द्यावे, त्यांचे नाव पेल्याच्या बुडाशी घालावे, योग्य मोबदला द्यावा, आणि सगळे ऐकून घेतल्यावर ते नको म्हणाले, तर पेला साधा ठेवावा.